खेळण्यांतल्या विटा आणि घरबसल्या बाजार



खेळण्यांविषयीं एका वृद्ध शिक्षकानें आकाशवाणीवरून बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु हल्लीं या विषयाशीं गांठ पडते ती बहुधा आमच्याच वयाच्या माणसांची. नातवंडें पुण्यास, बंगळूरास किंवा परदेशांत असतात. त्यांच्या वाढदिवसाला कांहीं पाठवावयाचें म्हटलें म्हणजे सीताबर्डीची पायपीट करण्यापूर्वीं हातांतल्या मोबाईलवरच बाजार भरलेला दिसतो. त्या बाजारांत रंगीत प्लॅस्टिकच्या विटांचे संच मिळतात. विटा एकमेकींत अडकवून घर, गाडी, विमान असें हवें तें उभारावें. यांतले जे संच कारखान्यानें बनविणें बंद केलें आहे, ते तर शौकीन लोक दुप्पट-चौपट दाम देऊन घेतात. हा बाजार कसा चालतो आणि त्यांत पाऊल कोठें जपून टाकावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

या विटांचें मूळ डेन्मार्क देशांतील बिलुंड नांवाच्या गांवीं आहे. ओले किर्क क्रिस्टियनसेन हा तेथील सुतार. जागतिक मंदींत बांधकामें बंद पडलीं, तेव्हां १९३२ सालीं तो लांकडी खेळणीं करूं लागला. चाकांवर चालणारें त्याचें लांकडी बदक अजून प्रसिद्ध आहे. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मुलें दोरीनें ओढीत घरोघर नेतात, त्या लांकडी बैलाचा हें बदक भाऊबंदच म्हणावें. १९३४ सालीं त्यानें आपल्या मालाला 'लेगो' हें नांव दिलें. 'चांगलें खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांचा तो संक्षेप आहे. पुढें २८ जानेवारी १९५८ रोजीं, त्याच्या मुलाच्या हातीं कारभार असतांना, आंतून नळ्या असलेल्या आजच्या विटेच्या पेटंटासाठीं अर्ज करण्यांत आला. त्या सालची वीट आज कारखान्यांतून निघालेल्या विटेंत नीट बसते. साठ-पासष्ट वर्षें माप न बदलण्याचा हा कांटेकोरपणा हेंच या खेळण्याच्या किंमतीचें खरें कारण आहे, असें मला वाटतें. जुना तुकडा कधींच निरुपयोगी होत नाहीं.

गणिताचा शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या, तर त्या किती तऱ्हांनीं जोडतां येतील? कंपनी अनेक वर्षें दहा कोटी एकोणतीस लक्ष आणि कांहीं हजार असा आंकडा सांगत असे. तो फक्त एकावर एक सहा थर रचण्याचा हिशेब होता. कोपनहेगन येथील गणिती सोरेन आयलर्स यांनीं संगणकाच्या साहाय्यानें सर्व रचना मोजल्या, तेव्हां उत्तर आलें ९१,५१,०३,७६५. बीजगणित नको म्हणणाऱ्या मुलासमोर हा प्रश्न ठेवून पाहावा.

आतां बाजाराकडे वळूं. इतवारींत आपण भांडें घेतों तेव्हां तें वाजवून पाहतों. कापड घेतों तेव्हां चिमटींत धरून त्याचा पोत पाहतों. या नव्या बाजारांत हात पोंचत नाहीं. डोळा पोंचतो, पण तोही विक्रेता जेवढें दाखवील तेवढ्यापुरताच. म्हणून हाताचें काम येथें आंकड्याकडून करवून घ्यावें लागतें. प्रत्येक संचाच्या पेटीवर त्याचा क्रमांक असतो. एवढेंच नव्हे, तर बहुतेक तुकड्यांच्या पोटांत बारीक अक्षरांत सांच्याचा क्रमांक कोरलेला असतो. आठ खुंट्यांची नेहमीची वीट म्हणजे ३००१, चार खुंट्यांची चौकोनी वीट म्हणजे ३००३, एका खुंटीची ३००५. हा क्रमांक ठाऊक असला म्हणजे 'निळा, जरा लांबट, कोंपरा कापलेला तुकडा' अशीं वर्णनें करीत बसावें लागत नाहीं.

याच क्रमांकांच्या आधारावर एक जगड्व्याळ बाजार उभा राहिला आहे. डॅनियल येझेक नांवाच्या तरुणानें २००० सालीं 'ब्रिकबे' नांवानें तो सुरू केला; पुढें त्याचें नांव 'ब्रिकलिंक' झालें. येझेक २०१० सालीं अकालीं वारला. नंतर तो बाजार एका दक्षिण कोरियन उद्योगपतीच्या हातीं गेला, आणि २०१९ सालीं खुद्द लेगो कंपनीनें तो विकत घेतला. तेथें देशोदेशींचे लहानमोठे दुकानदार पूर्ण संच तर विकतातच, पण एकेक सुटी वीटही विकतात. मागील सहा महिन्यांत ती वस्तु प्रत्यक्ष काय भावानें विकली गेली, याची नोंद तेथें पाहावयास मिळते. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत जमीन-अस्मानाचें अंतर असूं शकतें. जाणत्या ग्राहकानें दुसराच तेवढा पाहावा.

या सोयीचा उपयोग मीं एका शेजारच्या घरीं पाहिला. माळ्यावर सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींचा अग्निबंबाचा एक संच सांपडला. मुलाचा तो खेळ, आतां मुलाची मुलगी नऊ वर्षांची. पुस्तिका हरवलेली, तुकडे किती शिल्लक कोणास ठाऊक. कोणा परक्या गृहस्थानें मोबाईलवर छायाचित्र पाहून 'मोडकें सामान आहे, सहाशें रुपये देतों' असा निरोप धाडला होता. आजीचा कल देऊन टाकण्याकडे होता; मुलगी मात्र ऐकेना. मग असें ठरलें कीं आधीं मोजून पाहावें. कंपनी आपल्या बहुतेक संचांच्या पुस्तिका, निदान १९९६ नंतरच्या, संकेतस्थळावर विनामूल्य ठेवते. ती उतरवून घेऊन मुलीनें सतरंजीवर तुकड्यांचे ढीग लावले, आणि एकतीस तुकडे कमी भरले. परदेशांतील एका विक्रेत्याकडे ते सगळे होते. पण टपालखर्च मालाच्या तिपटीवर जात होता. अखेर बंगळूरच्या एका विक्रेत्याकडून बावीस आणि दुसऱ्या एकाकडून उरलेले नऊ असे मिळाले. सगळा खर्च त्या सहाशें रुपयांहून कमी झाला. एका ठिकाणीं मात्र गंमत झाली. करड्या रंगाच्या चार पट्ट्या आल्या त्या किंचित् निळसर निघाल्या. कंपनीनें २००४ च्या सुमारास करड्या रंगाची छटाच बदलली आहे. क्रमांक तोच, पण रंग जुना कीं नवा हें विचारावयास हवें होतें. मुलीनें त्या पट्ट्या बंबाच्या खालच्या बाजूस लावल्या.

तेव्हां विचारण्यासारखे प्रश्न कोणते? संच पूर्ण आहे काय, कीं 'बहुतेक पूर्ण' आहे? त्या 'बहुतेक' शब्दांत सगळी मेख असते. माणसांच्या लहान बाहुल्या आहेत ना? जुन्या संचांत बरेंचसें मोल त्यांचेंच असतें. पांढऱ्या विटा उन्हानें पिवळ्या पडल्या आहेत काय? छायाचित्र या संचाचेंच आहे, कीं पेटीवरचें उचललेलें आहे? कागदावर आजची तारीख लिहून ती तुकड्यांशेजारीं ठेवून पुन्हां छायाचित्र धाडा, असें विचारण्यांत संकोच कसला? प्रामाणिक विक्रेता रागावत नाहीं. आणि जो 'बाजाराबाहेर थेट पैसे पाठवा, स्वस्तांत देतों' म्हणतो, त्याच्याशीं पुढें बोलूंच नये.

नकली मालाविषयीं थोडें. दुसऱ्या कोणी स्वतःच्या नांवानें अशाच विटा करून विकणें हा गुन्हा नव्हे. विटेचें मूळ पेटंट केव्हांच संपलें आहे, आणि विटेचा आकार हें व्यापारचिन्ह होऊं शकत नाहीं असा निकाल युरोपियन युनियनच्या वरिष्ठ न्यायालयानें २०१० सालीं दिला. आपल्याकडे मुंबईच्या 'मेकॅनिक्स'च्या पत्र्याच्या पट्ट्यांवर दोन पिढ्या वाढल्या, त्याचेंही मूळ लिव्हरपूलच्या हॉर्नबी यांच्या १९०१ सालच्या कल्पनेंत आहे. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. गुन्हा होतो तो दुसऱ्याचा संच हुबेहूब चोरून विकल्यानें. चीनमधील 'लेपिन'च्या चालकांस अशाच कृत्याबद्दल २०२० सालीं शांघायच्या न्यायालयानें शिक्षा दिली. अस्सल विटेच्या प्रत्येक खुंटीवर 'लेगो' हीं अक्षरें असतात; भिंगानें पाहावीं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतांत विकल्या जाणाऱ्या नव्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणें बंधनकारक झालें.

परदेशांतून मागवितांना सीमाशुल्क विसरूं नये. खेळण्यांवरचें आयातशुल्क २०२० सालीं २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ सालीं ७० टक्क्यांवर नेलें गेलें. विक्रेत्याच्या किंमतींत शुल्क धरलेलें नसतें. पोस्टमन किंवा कुरियरवाला दारांत उभा राहिला म्हणजे तें कळतें. माल वाईट निघाला तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणें बाजार चालविणाऱ्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्यानें ४८ तासांत पोंच द्यावयाची आणि महिन्याभरांत निवारण करावयाचें असतें. तेवढ्यानें भागलें नाहीं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक आहे. आणि विक्रेता कोठेंही असो, दावा आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगापुढें दाखल करतां येतो. नागपूरच्या माणसाला दिल्लीस हेलपाटे घालावयास नकोत.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें भाषण करावयाचें मीं मनांत घेतलें, ती सांगतों. माझे एक जुने सहकारी गेल्या वर्षीं निवृत्त झाले. 'बंद झालेले संच सीलबंद ठेवले तर सोन्याहून अधिक वाढतात' असें एका चलचित्रांत ऐकून, भविष्यनिर्वाह निधींतले दोन लाख रुपये त्या पेट्यांत घालावे असें त्यांच्या मनानें घेतलें. सुरुवातीस एक संच त्यांनीं घेतलाही. त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. मॉस्को येथील हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील संशोधकांनीं १९८७ ते २०१५ या काळांतील २,३२२ संचांचे भाव तपासले, आणि सरासरी वाढ वर्षाला निदान ११ टक्के आढळली. पण त्याच अभ्यासांत कांहीं संचांना ६०० टक्के लाभ, तर कांहींना ५० टक्के तोटा दिसतो. सरासरी ही ज्याच्याजवळ शेंकडों संच आहेत त्याच्या कामाची. ज्याच्याजवळ दहा आहेत, त्याच्या वांट्याला काय येईल हें सरासरी सांगत नाहीं. शिवाय ते भाव आमच्या शुल्कासकट धरलेले नाहींत.

मीं त्यांना ताजमहालाची हकीकत सांगितली. २००८ सालीं कंपनीनें ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल काढला. त्या वेळीं तो सर्वांत अधिक तुकड्यांचा संच होता. मूळ किंमत अमेरिकेंत सुमारें ३०० डॉलर. पुढें तो बंद झाला आणि सीलबंद पेटीचा भाव हजारों डॉलरांवर चढला. लोकांनीं त्या भावानें घेऊन कपाटांत ठेवला. २०१७ सालीं कंपनीनें तोच ताजमहाल, केवळ एक तुकडा अधिक घालून, सुमारें ३७० डॉलरांस पुन्हां बाजारांत आणला. जुन्या पेट्यांचे भाव घसरले. जी दुर्मिळता कंपनीच्या मर्जीवर उभी आहे, ती दुर्मिळता म्हणून मोजावी कशी? सोन्याची खाण कोणी एका सकाळीं ठरवून उघडीत नाहीं. सांचे मात्र कारखान्यांत ठेवलेले असतात.

आणखी एक नागपुरी अडचण. या विटा ४० अंशांहून गरम पाण्यांत धुवूं नयेत अशी कंपनीचीच सूचना आहे. मे महिन्यांत आमच्या पत्र्याखालच्या माळ्यावर काय उष्मा असतो तें सांगावयास नको. पेटीचा पुठ्ठा पावसाळ्यांत दमट होतो, उन्हाळ्यांत वांकतो, आणि सीलबंद मालाचें निम्में मोल पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांवर ठरतें! शिवाय विकावयाच्या दिवशीं गिऱ्हाईक हवें. बँकेंतली ठेव मोडण्यास अर्धा तास पुरतो. पेटीला गिऱ्हाईक मिळण्यास सहा महिनेही लागतील, आणि आजारपण तितकी वाट पाहत नाहीं.

त्यांनीं दोन लाख रुपये बँकेंतच ठेवले. घेतलेला तो एक संच मात्र कपाटावर तसाच आहे. तो फोडावा कीं ठेवावा, याविषयीं पतिपत्नींचें अद्याप एकमत झालेलें नाहीं, आणि नातू दिवाळीला येणार आहे.