विडी, नियम आणि राजपत्र

(पिरनवाडी येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन हे नाव इथे कुणाला नव्याने सांगायला नको. सीमाप्रश्नावरचा 1966 सालचा तो आयोग, पुढच्या वर्षीचा अहवाल, बेळगाव कर्नाटकातच ठेवून निपाणी-खानापूर महाराष्ट्राला द्यावे ही शिफारस, हे सगळे ऐकतच आपण मोठे झालो. पण याच महाजनांनी 1950 साली सर्वोच्च न्यायालयात एक निकाल लिहिला होता, आणि तो विड्या वळणाऱ्यांच्या बाजूचा होता. आपल्या भागात तो फारसा कुणाला ठाऊक नाही. म्हणून आज सुरुवात तिथूनच करतो.

मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्याची ही गोष्ट. शेतीला मजूर मिळत नाहीत म्हणून तिथे 1948 साली एक कायदा झाला. शेतीच्या हंगामात कोणत्या गावांत विड्या वळायच्या नाहीत, हे डेप्युटी कमिशनरने ठरवायचे. त्याप्रमाणे 13 जून 1950 ला साहेबांचा हुकूम निघाला: हंगामात ठरावीक गावांत कुणीही विडी वळायची नाही.

या ‘कुणीही’ शब्दाकडे नीट बघा. निपाणीच्या गल्ल्यांतून फिरलेल्या माणसाला तो लगेच टोचेल. उंबऱ्याशी बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पाने आणि तंबाखू. पान उचलायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या झाल्या की मजुरी. त्यांतल्या कितीतरी जणींचे गुडघे गेलेले असतात. चिखलात उतरून भातलावणी त्यांच्याने होणारच नाही. सागरच्या हुकुमाने अशा बायांचेही हात बांधले, आणि त्यातून शेतीला एकही मजूर वाढला नाही. महाजनांनी नेमके हेच दाखवून दिले. म्हाताऱ्या बाया, अपंग माणसे, ज्यांना शेतावर कामच नाही असे लोक, यांना का अडवता? शेतमजुरांपुरते किंवा ठरावीक तासांपुरते बंधन घालता आले असते. 8 नोव्हेंबर 1950 ला न्यायालयाने हुकूमही रद्द केला आणि असा हुकूम काढू देणारी कलमेही. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा तो खटला. राज्यघटना लागू होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

आता आपल्या दाराशी येऊ. कायदा संसद करते, पण त्याचे बारकावे ती मंत्रालयांवर सोपवते. त्यावाचून कारभार चालणार नाही, हे मला मान्य आहे. मात्र बारकावा म्हणता म्हणता सगळा कायदाच खात्याच्या टेबलावर ठरू लागतो, आणि माझी तक्रार तिथे आहे. 2003 च्या तंबाखू कायद्याने पाकिटावर इशारा हवा असे सांगितले. तो किती मोठा, हे ठरले नियमांनी. आधी पुढच्या बाजूवर 40 टक्के होता. ऑक्टोबर 2014 च्या अधिसूचनेने तो दोन्ही बाजूंवर 85 टक्के झाला. नियम केल्यावर ते संसदेच्या पटलावर ठेवायचे, 30 दिवसांत सभागृहांना ते बदलता येतात किंवा रद्द करता येतात, अशी सोय कायद्यात आहे. पण पटलावर आलेल्या कागदांच्या ढिगातला एखादा नियम कुणी उचलून त्यावर चर्चा मागितली, असे क्वचितच घडते.

या वेळी मात्र नियम तपासणाऱ्या लोकसभेच्या समितीने विषय हाती घेतला. ही समिती 1953 पासून आहे, आणि तिचे अध्यक्ष त्या वेळी होते नगरचे खासदार दिलीप गांधी. समितीने 50 टक्क्यांची शिफारस केली, पण एप्रिल 2016 पासून 85 टक्केच लागू झाले. सभासदांत श्यामाचरण गुप्ता होते, ज्यांचा स्वतःचा विडीचा धंदा होता. हे मला आजही खटकते. खात्याला जाब विचारणाऱ्याचे हितसंबंध त्याच धंद्यात असतील, तर त्या जाबाची किंमत उरत नाही. लोकांचा विश्वास जातो तो समितीवरचा, आणि पुढच्या खेपेला खाते तिला विचारतही नाही.

पुढे हे प्रकरण आपल्याच राज्याच्या, कर्नाटकाच्या उच्च न्यायालयात आले. डिसेंबर 2017 मध्ये न्यायालयाने ते नियम रद्द केले. जानेवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांचे आरोग्य आधी, असे म्हणून त्या निकालाला स्थगिती दिली.

मी तंबाखूची वकिली करत नाही. तोंडाच्या कर्करोगाने गेलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत, आणि पाकिटावरचे इशाऱ्याचे चित्र मोठे असावे असेच माझे मत आहे. पण मग संसदेने तो आकडा कायद्यात लिहावा, उघड चर्चा करून लिहावा, आणि निपाणीच्या वखारींत तंबाखू झाडणाऱ्या बाईच्या हाताला दुसरे काम काय, याचे उत्तर त्याच चर्चेत द्यावे. खात्याच्या खोलीत ठरलेल्या आकड्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

अमेरिकेतही हाच वाद झाला. हेरिंग मासे पकडणाऱ्यांच्या बोटींवर सरकारी निरीक्षक, आणि त्याचा खर्च बोटवाल्याने सोसायचा, असा नियम खात्याने केला होता. कायद्यात तसे लिहिलेले नव्हते. जून 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्याचा अर्थ न्यायालय लावील, खाते नव्हे. खात्याने लावलेला अर्थ मानण्याची 1984 पासूनची रीत त्याने मोडली.

पण प्रत्येक वेळी न्यायालयापर्यंत जाणे आपल्याला परवडत नाही. आपल्या हातात त्याआधीची एक पायरी आहे. अनेक कायद्यांत नियमाचा मसुदा आधी राजपत्रात छापावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात आणि त्यांचा विचार करावा लागतो. ती मुदत आपल्याकडे कुणाला कळतही नाही, कारण राजपत्र इंग्रजीत किंवा कन्नडात असते. शिकलेल्या मुलामुलींनी एवढे करावे: महिन्यातून एक संध्याकाळ ग्रंथालयात बसून शेती, मजुरी, शाळा यांच्याविषयीचे मसुदे शोधावेत, त्यांचा मराठीत सारांश करावा आणि तो फलकावर लावावा.

आणि हरकत कोणत्या भाषेत लिहायची, ही धास्ती कुणी बाळगू नये. राज्यघटनेचे कलम 350 काढून वाचा. केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क त्यात प्रत्येकाला दिला आहे. मुदत संपण्याआधी हरकत लिहा, मराठीत लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.