हाती पैसा, जवळ पाळणाघर



बागबाजारात लहान मुलांविषयी बोलायला कारण आहे. भगिनी निवेदितांनी १८९८ साली इथल्याच बोसपाडा गल्लीत मुलींची शाळा काढली. याच बागबाजारातील एक झोपडवस्ती १३ जानेवारी २०२१ रोजी आगीत जळाली. अशा वेळी घराला रोख पैसा लागतो, हे आपणांस सांगायला नको. पण तान्ह्या बाळाला लस लागते, सकस अन्न लागते आणि आई कामावर गेली की सांभाळणारे माणूसही लागते.

आपल्या कायम नोकरीतील भगिनींना १८० दिवसांची पगारी प्रसूती रजा आहे. ग्रामीण डाक सेवक भगिनींनाही २०१८ च्या संपानंतर १८० दिवस मान्य झाले. परंतु ठेकेदाराकडे राहून फलाट झाडणाऱ्या, डबे धुणाऱ्या बायांचे काय?

२०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. १८० दिवसांवर वाटले तर दिवसाला २८ रुपयेही पडत नाहीत. त्यासाठी गरोदरपणाची नोंद, तपासणी, जन्मनोंद व लसीकरण पुरे व्हावे लागते. अट योग्यच आहे. पण रोजंदारीवरच्या बाईचा दवाखान्याच्या रांगेत दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी बुडते. मदत मिळवायलाच पदरमोड!

अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिचा आधार मोठा; पण अंगणवाडी भरते काही तास आणि पाळी असते आठ तासांची. बंगालची २०२१ ची लक्ष्मीर भांडार किंवा महाराष्ट्राची २०२४ ची लाडकी बहीण, या योजनांनी बाईच्या हाती पैसा दिला, हे चांगलेच झाले. मात्र पैसा मुलाजवळ बसत नाही. चिली देशाने २००२ साली गरीब कुटुंबांना रोख मदतीबरोबर घरी येणारी समाजसेविका दिली. ती कुटुंबाला सरकारी सेवांशी जोडून देई.

म्हणून आमचे म्हणणे तीन कलमांत मांडतो. तपासणीच्या व लसीच्या दिवशी ठेकेदाराने मजुरी कापू नये. पन्नास कर्मचाऱ्यांमागे पाळणाघराची अट २०१७ साली कायद्यात आली व सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. त्या पाळणाघरात ठेक्यावरील बायांच्या मुलांनाही जागा हवी. आणि त्यांचे अर्ज भरून देण्यासाठी प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक संध्याकाळ राखावी.

पहिल्या दोन मागण्यांसाठी प्रशासनाशी भांडू. तिसऱ्या कामाला कुणाची मंजुरी लागत नाही. ते याच आठवड्यात सुरू करू.