राऊटरची जागल

आश्विन-कार्तिकात धानाला लोंबी धरली की वैनगंगेच्या खोऱ्यातील गावांत जागल सुरू होते. बांधीच्या कडेला मचाण बांधावे, हाताशी वाजवायला एखादा रिकामा डबा ठेवावा आणि रानडुकरांची चाहूल घेत रात्र काढावी, हा बालाघाटकडील शेतकऱ्याचा वडिलोपार्जित क्रम आहे. एका मचाणावरचा माणूस हाळी देतो आणि दुसऱ्या मचाणावरून तिला ओ येते. डुकरे आल्याची आरोळी उठली म्हणजे सगळेच जागे होतात. परंतु जाणता जागल्या अधिक सावध होतो तो ओ आली नाही म्हणजे. शेजारचा झोपला तरी असेल, नाही तर त्याला काही झाले तरी असेल. काहीही असो, उठून पाहिलेच पाहिजे.

आज मी आपणांशी बोलणार आहे ते राऊटर नावाच्या एका लहानशा पेटीविषयी. तिचा कारभार कसा लावावा, तिच्यावर देखरेख कशी ठेवावी आणि तिने दिलेले इशारे कोणाच्या कानी पडावेत, हा आजचा विषय आहे. या पेटीलाही जागलच लागते, हे मला एका प्रसंगाने शिकवले. तो प्रसंग प्रथम सांगतो.

आमच्या जिल्ह्यातील एका आडगावी एक सेवा केंद्र आहे. आसपासच्या टोल्यांवरील वृद्ध स्त्रिया तेथे येऊन अंगठा लावतात आणि आपल्या पेन्शनचे पैसे घेऊन जातात. एका सोमवारी सकाळी अशा सात-आठ जणी दोन-दोन कोस चालून आल्या, तेव्हा यंत्र अंगठा घेईना. इंटरनेटची लाइन शनिवारी संध्याकाळीच बंद पडली होती. रविवारी केंद्राला सुट्टी, त्यामुळे कोणाला पत्ता नव्हता. त्या आल्या पावली परतल्या. जाताना त्यांतील एकीने विचारले, "भाऊ, शनिवारीच बंद पडलं होतं, त सांगावा काहून नाही धाडला?"

त्या केंद्राच्या उपकरणांची पाहणी करण्याचे काम पुढे माझ्याकडे आले. राऊटरची नोंद उघडून पाहिली, तेव्हा त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. सांगावा धाडला गेला होता. एकदा नव्हे, अनेकदा. फायबरच्या तारेतून येणारा प्रकाश दिवसेंदिवस क्षीण होत गेला होता. हा प्रकाश ज्या मापाने मोजतात त्यात तीन डेसिबलची घट म्हणजे प्रकाश निम्म्यावर येणे. अशी घट होत असताना दररोज सकाळी इशाऱ्याचे एक पत्र आपोआप निघत होते. ते जात होते उन्हाळ्यात बदली होऊन गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या टपालपेटीत. हाळी दिली जात होती. पलीकडचे मचाण रिकामे होते.

श्रोतेहो, राऊटर म्हणजे घराच्या किंवा कचेरीच्या वेशीवरील नाका होय. बाहेरच्या जगाशी होणारी सारी देवघेव याच नाक्यावरून होते. असे असता आपण पेटी विकत घेतो, एखाद्या तरुणाकडून ती जोडून घेतो आणि कपाटावर ठेवून विसरून जातो. तिला दोन परवलीचे शब्द असतात, हेही अनेकांस ठाऊक नसते. एक वाय-फायचा, जो आपण पाहुण्यांस देतो. दुसरा कारभाराचा, ज्याने त्या नाक्याचे नियमच बदलता येतात. पहिला नाक्यातून जाण्याचा परवाना आहे, दुसरा नाकेदाराची खुर्ची आहे. कारखान्यातून पेटी निघताना तिच्यावर कारभाराचा जो शब्द घातलेला असतो, तो पुष्कळदा त्या जातीच्या सर्व पेट्यांना एकच असतो आणि तो जगजाहीर असतो.

याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. २०१६ साली मिराई नावाच्या घातक आज्ञावलीने अशा साठेक ठरावीक नाव-शब्दांच्या जोड्या आळीपाळीने लावून पाहिल्या. तेवढ्यावर जगभरातील लक्षावधी कॅमेरे व राऊटर तिच्या हाती गेले. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्याच फौजेच्या बळावर अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. ही दूरची गोष्ट म्हणावी, तर २०१७ च्या जुलै महिन्यात आपल्याच देशात भारत संचार निगमाच्या ग्राहकांचे मोडेम अशाच हल्ल्याने निकामी झाले. ज्यांनी मूळचा शब्द बदलला नव्हता त्यांना तो झळ देऊन गेला आणि शब्द बदलावा, असे ग्राहकांस आवाहन करावे लागले. कुलूप मोडावे लागले नव्हते, श्रोतेहो. किल्ली दारालाच लटकत होती.

म्हणून पहिले काम कारभाराचे. मूळचा शब्द बदलून लांब व निराळा शब्द घालावा. तो एका जबाबदार माणसाजवळ असावा आणि त्याची एक प्रत बंद लिफाफ्यात संस्थेच्या चिटणीसाजवळ असावी. कारण माणसे आजारी पडतात, बदलून जातात. बाहेरच्या जगातून कारभार करू देण्याची सोय गरज नसेल तर बंद ठेवावी. पेटीच्या आतील मूळ आज्ञावली, जिला फर्मवेअर म्हणतात, ती निर्मात्याने सुधारून दिली की लगेच भरावी. आणि ज्या पेटीला निर्माता अशी सुधारणा देईनासा झाला, ती चालत असली तरी निवृत्त करावी.

दुसरे काम नोंदीचे. बालाघाटजवळ भरवेली येथे मँगनीजची खोल भुयारी खाण आहे. खाणीत कोण उतरले आणि कोण वर आले, याची नोंद वर ठेवावी लागते; तसा कायदाच आहे. आत किती माणसे आहेत हे वरच्याला ठाऊक नसेल, तर संकटकाळी तो शोध कोणाचा घेणार? राऊटरही आपल्याशी जोडलेल्या प्रत्येक यंत्राची यादी दाखवतो. ती महिन्यातून एकदा वाचावी आणि ज्याची ओळख पटत नाही त्याचा माग काढावा.

या नोंदीत दोन उणिवा राहतात. एक, लहान राऊटरची स्मरणशक्ती थोडी असते आणि वीज गेली की नोंद बहुधा पुसली जाते. म्हणून ती दुसऱ्या संगणकाकडे धाडत राहण्याची सोय करावी. सिसलॉग नावाची ही पद्धत एरिक ऑलमन या अमेरिकन आज्ञावलीकाराने १९८० नंतरच्या दशकात घालून दिली आणि आजही ती सर्वत्र चालते. दुसरी उणीव घड्याळाची. पुष्कळशा लहान राऊटरांत घड्याळ जिवंत ठेवणारी बॅटरी नसते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते. ती परत आली की पेटीच्या लेखी कित्येकदा १ जानेवारी १९७० उजाडतो, कारण युनिक्स घराण्यातील संगणकांची कालगणना त्या दिवसापासून सुरू होते. अशा नोंदीवरून चोरी केव्हा झाली हे कसे ठरवणार? यास्तव राऊटरला इंटरनेटवरील प्रमाण घड्याळाशी वेळ जुळवून घेण्यास सांगावे आणि भारतीय प्रमाणवेळ निवडावी. नाही तर त्याचे घड्याळ साडेपाच तास मागे राहते. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी कंपन्या व सरकारी कचेऱ्या यांना दिलेल्या आदेशांत हीच सूत्रे आहेत. घड्याळे जुळवावीत, नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि सायबर हल्ल्याची वर्दी सहा तासांत द्यावी, असे ते आदेश सांगतात.

तिसरे काम इशाऱ्यांचे, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. सिसलॉगमध्ये निरोपांच्या तीव्रतेच्या आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे सर्वस्वी आणीबाणी आणि सात म्हणजे यंत्राचे स्वतःशी पुटपुटणे. उत्साही माणूस आठही पायऱ्यांचे निरोप आपल्या मोबाइलवर मागवतो. आठवड्यात त्याचा मोबाइल शेकडो निरोपांनी भरतो आणि पंधरवड्यात तो ते न वाचताच पुसू लागतो. लांडगा आला रे आला, या गोष्टीतील गावकऱ्यांना आपण दोष देत नाही. त्यांचे कान बधिर केले होते. म्हणून ज्या निरोपावर कोणी तरी उठून काही करायचे आहे, तेवढाच इशारा मानावा. लहान संस्थेला चार पुरेत: कारभाराचा शब्द कोणी वारंवार चुकीचा घालीत आहे, कोणी नियम बदलले, अनोळखी यंत्र आत आले, आणि लाइन दुबळी होत आहे.

या चारांत लाइन बंद पडल्याचा इशारा मी घातला नाही, हे आपल्या ध्यानी आले असेल. त्याचे कारण साधे आहे. जी वाट तुटली, तिच्यावरूनच ती तुटल्याचा निरोप कसा यावा? हा इशारा दुसऱ्या वाटेने आला पाहिजे. एक तर पेटीला मोबाइलची निराळी जोडणी द्यावी. नाही तर बाहेरच्या एखाद्या संगणकाने दर पाच मिनिटांनी तिला हाळी द्यावी आणि दोन-तीन वेळा ओ आली नाही की आपणांस जागे करावे. मचाणावरचा जागल्या हेच करतो. शांतता हाही त्याच्या लेखी एक निरोपच असतो.

आणि सर्वांत शेवटी, प्रत्येक इशाऱ्याला धनी असावा. निरोप कोणाकडे जातो, तो रजेवर असता कोणाकडे जातो आणि तो मिळाल्यावर त्याने काय करावयाचे, हे एका कागदावर लिहून पेटीशेजारी भिंतीला लावावे. माणूस बदलला की त्याच दिवशी कागदावरचे व यंत्रातले नाव बदलावे. तीन महिन्यांतून एकदा तार मुद्दाम काढून पाहावी. मोबाइल वाजतो की नाही हे त्यावाचून कळत नाही.

त्या सेवा केंद्रात आता असा कागद लागला आहे. त्यावर मोबाइलचे दोन क्रमांक आहेत आणि त्यांच्याखाली प्रत्येक टोल्यावरील एकेका माणसाचा क्रमांक आहे. मध्यंतरी एका वादळात झाड पडून तार तुटली, ती रात्री. पहाटे टोल्याटोल्यांवर सांगावा गेला, की आज येऊ नका. त्या दिवशी केंद्राच्या पायरीवर कोणीही ताटकळत बसले नव्हते.