गाडीचा ब्रेक काय सांगतो?



गाडी घेताना आपण पुष्कळ चौकशी करतो. लिटरला किती चालते, चढणीला कशी ओढते, माणसं किती बसतात. ती थांबते कशी, हे विचारणारा विरळा. इंजिन बिघडलं तर गाडी उभी राहते. घरी पोचायला उशीर होतो, एवढंच. ब्रेक बिघडला तर ती उभी राहत नाही. फरक आहे तो हा, आणि म्हणून आज ब्रेकविषयी चार शब्द बोलणार आहे.

‘ब्रेक अचानक गेला’ असं आपण म्हणतो. क्वचित तसं होतंही. पण बहुतेक वेळा तो आधी सूचना देत असतो. पायाला, कानाला, हाताला, नाकाला. ती ओळखता आली पाहिजे.

आधी त्याची रचना थोडक्यात पाहू. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं तेल नळ्यांतून चाकांकडे रेटलं जातं, आणि तिथं पॅड डिस्कवर किंवा लायनर ड्रमवर घट्ट बसतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम इथं कामाला येतो. शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. सुया काढलेल्या दोन पिचकाऱ्या घ्या, बारीक नळीनं जोडा आणि पाण्यानं भरा. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच वर येतो. आता आत थोडी हवा राहू द्या, आणि दुसरा दट्ट्या बोटानं धरून ठेवा. पहिला दट्ट्या नुसताच आत जातो, कारण हवा दबते, पाणी दबत नाही.

पेडल स्पंजासारखं मऊ लागतं, ते याच कारणानं. नळीत हवा शिरलेली असते. कित्येक चालक म्हणतात, “दोनदा पाय मारला की लागतो की ब्रेक!” अहो, पण म्हैस आडवी आली तर दुसऱ्यांदा पाय मारायला सवड कोण देणार? ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढं जाते. पेडल दाबून धरलं असता हळूहळू खाली बसत असेल, तर तेल कुठंतरी गळतं आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून सोडतो आहे. अशी गाडी रस्त्यावर काढूच नये.

आता कान. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचा ब्रेक सकाळी पहिल्या एक-दोन खेपांना खरखरतो. तो गंज असतो, लगेच निघून जातो; त्याची काळजी नको. पण रोज बारीक किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला तर पॅड पाहून घ्या. पुष्कळ गाड्यांत पॅडचा थर संपत आला की डिस्कला घासून ओरडेल अशी पत्र्याची पट्टी मुद्दाम बसवलेली असते. नव्या पॅडचा थर साधारण दहा-बारा मिलिमीटर असतो. तीनवर आला की बदलायचा. तेव्हा दुर्लक्ष केलं तर पुढं लोखंडावर लोखंड घासल्याचा कर्कश आवाज येतो. मग पॅडबरोबर डिस्कही जाते आणि खर्च कितीतरी वाढतो.

हाताला कळतं ते असं: ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली, तर दोन्हीकडचे ब्रेक सारखे लागत नाहीत. स्टिअरिंग थरथरलं, तर बहुधा डिस्क सारखी झिजलेली नाही.

नाकाची गोष्ट घाटातली. वरंधा असो की आंबेनळी, पूर्ण उतार पायब्रेकवर काढला की पॅड तापून जळका वास येतो आणि ब्रेक सैल पडतो. त्यात ब्रेक ऑईल जुनं असेल तर अधिकच धोका, कारण हे तेल हवेतलं पाणी शोषतं. ‘डॉट ३’ जातीचं नवं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ हवेसारखीच दबते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी तेल बदलावं. घाट उतरताना सुरुवातीपासून खालचा गिअर ठेवावा. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणं तर निव्वळ आत्मघात. पेडलला इंजिनकडून मिळणारी मदत थांबते आणि ब्रेक दगडासारखा कठीण होतो. वास आला तर गाडी बाजूला घेऊन ब्रेक निवू द्या. तापल्या चाकावर पाणी ओतू नका, धातूला तडा जातो.

डोळ्यांनी पाहायचं ते दोन मिनिटांत होतं. तेलाची बाटली खालच्या खुणेवर आली आहे का? चाकाच्या आतल्या अंगाला ओल आहे का? ब्रेकचा लाल दिवा जळतो का? तेल कमी दिसलं की नुसतं भरून मोकळं होऊ नका. कमी का झालं ते मिस्त्रीला विचारा. एक तर पॅड झिजले आहेत, नाहीतर गळती आहे. आणि त्यात इंजिनचं ऑईल कधीच घालू नये; आतले रबर फुगून निकामी होतात.

ट्रॅक्टरवाल्यांना एक सांगणं. शेतात वळायला डाव्या-उजव्या चाकाची पेडलं वेगळी ठेवता, ते ठीक. रस्त्यावर येण्याआधी दोन्हींची कडी जोडा. एकच चाक धरलं गेलं तर भरली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा फिरवते.

शेवटी, मास्तरांनो, सहलीसाठी जीप ठरवताना भाड्याची घासाघीस करता, तशी एक विनंती चालकाला करा: पोरं बसण्याआधी मोकळ्या जागी हळू चालवून ब्रेक लावून दाखव. पेडल घट्ट लागतं का, गाडी सरळ थांबते का, चढावर हातब्रेकवर उभी राहते का, एवढंच पाहायचं. चांगल्या चालकाला याचा राग येत नाही. आणि ज्याला येतो, त्याची गाडी त्या दिवशी नाही ठरवली तरी चालेल. सहल आठ दिवसांनी काढता येते.