मनाचे दुखणे आणि जवळचा आधार



पाय मुरगळला तर माणूस लंगडतो व ते सर्वांना दिसते. मन खचलेला माणूस मात्र कामावर जातो, पंगतीलाही बसतो. आरोग्यकेंद्रात तो झोप नाही, अंग दुखते, एवढेच सांगतो. टॉनिकची बाटली मिळते. दुःख तसेच राहते.

गोव्यात यावर २४ दवाखान्यांत एक प्रयोग झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक नेमण्यात आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा लाभ झाला. २०१७ सालच्या दुसऱ्या अभ्यासात तीव्र विषण्णतेच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत सोडून दिलेली लहानसहान कामे पुन्हा हाती घेण्यास साहाय्य करण्यात आले. उमेद येण्याची वाट न पाहता अंगणातील झाडांना पाणी घालावे, शेजारी जाऊन यावे; उमेद मागाहून येते.

उदासी दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांना मनाचेही सांगावे. १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी २०२२ पासून अहोरात्र उपलब्ध आहे. जगणे नकोसे झाले, असे कोणी म्हटल्यास त्यास उपदेश करू नये. त्याचे ऐकावे, एकटे सोडू नये आणि सोबत घेऊन दवाखाना गाठावा.