पर्लमूनचा साठा आणि त्याचा वारसा

अर्थशास्त्राच्या हिशेबवहीत एक टन माल दुसऱ्या टनासारखाच मानला जातो. समुद्रातील जिवंत साठ्याला हे गृहीतक लागू पडत नाही. दक्षिण आफ्रिकेतील पर्लमून ही मोठी, एकाच शिंपेची सागरी गोगलगाय याची साक्ष देते.

तिचा व्यापारी उपसा १९४९ साली सुरू झाला आणि १९६५ मध्ये तो सुमारे २,८०० टनांवर गेला. पुढे कोटे आले. परंतु ते वर्णद्वेषी राजवटीचे कोटे होते! हक्क मूठभर कंपन्यांच्या पदरात पडले, तर ज्यांच्या दारात हा समुद्र होता त्या ‘कलर्ड’ म्हणून नोंदलेल्या कोळी कुटुंबांच्या वाट्याला बव्हंशी मजुरीच आली. १९९८ च्या कायद्याने न्याय्य वाटपाचे वचन दिले. प्रत्यक्षात अनेकांच्या हाती काहीच लागले नाही. ही पोकळी तस्करांच्या टोळ्यांनी भरून काढली. ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या २०१८ च्या अहवालानुसार २००० ते २०१६ या काळात नऊ कोटी साठ लाखांहून अधिक पर्लमून चोरून काढले गेले. त्यांची मुख्य बाजारपेठ हाँगकाँग. मधल्या काळात, फेब्रुवारी २००८ मध्ये, सरकारने मासेमारीच बंद केली आणि २०१० मध्ये ती अल्प प्रमाणात पुन्हा खुली केली.

सारा दोष माणसाचा नाही, हेही नमूद केले पाहिजे. काही भागांत शेवंडे सरकत आले, त्यांनी समुद्री साळू फस्त केले आणि त्या साळूंच्या काट्यांखाली दडणारी पर्लमूनची पिल्ले उघडी पडली.

आता मूळ मुद्दा. नर-मादी आपली बीजे पाण्यात सोडतात. ती जवळजवळ नसतील तर फलनच होत नाही. म्हणजे विरळ झालेला साठा संख्येने दिसतो त्याहून अधिक दुबळा असतो. त्यात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने दाखवून दिले की, केप अगुल्हासच्या दोन्ही बाजूंचे पर्लमून हे दोन वेगळे प्रजननसमूह आहेत. एका बाजूचा ऱ्हास दुसऱ्या बाजूच्या विपुलतेने आपोआप भरून निघेल, ही आशा म्हणूनच फोल ठरते.

आज कायदेशीर निर्यातीचा बहुतांश माल किनाऱ्यावरच्या टाक्यांत वाढवला जातो. ‘हेच बीज समुद्रात सोडा, साठा भरेल,’ असे म्हणणे भांडवलाला सोयीचे आहे. परंतु थोड्याच जनकांची संतती लाखांनी सोडली तर टनांचा आकडा वाढेल आणि आनुवंशिक वैविध्य घटेल. रोगराई किंवा तापते पाणी यांना तोंड देण्याची शक्ती त्या वैविध्यातच असते. म्हणून बीज त्याच बाजूच्या आणि पुष्कळ जनकांचे असावे, आणि सोडण्यापूर्वी त्याची आनुवंशिक तपासणी व्हावी. हा खर्च निर्यातदारांच्या नफ्यातून वसूल करावा. आणि किनाऱ्याची राखण ज्यांच्याकडून अपेक्षित आहे, त्या गावांना कायद्याने काढण्याचा हक्क आधी द्यावा. केवळ पाणबुड्या पोरांना तुरुंगात धाडून व्यापाऱ्याची साखळी तुटत नाही, हे गेल्या तीस वर्षांत पुरेसे दिसले आहे.