चौदा आणे आणि सहा टक्के

(विहाराच्या वर्धापन दिनी ओझर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आजचा विषय आकड्यांचा आहे. देशाचं वर्षाचं जे उत्पन्न, त्यातलं किती सरकार शिक्षणावर खर्च करतं? आयाबायांना वाटेल, हे अर्थशास्त्र्यांचं काम. पण घरात आपण हाच हिशेब करतो. शंभर रुपये आले, तर किराण्याला किती, औषधाला किती आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांना किती? त्यावरून त्या घरात शिक्षणाची किंमत कळते.

हा हिशेब आपल्याला शिकवला तो परमपूज्य बाबासाहेबांनी. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. त्यानंतर आठच दिवसांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तो आपल्याला पाठ आहे, हे भाषण मात्र फारसं कोणी वाचत नाही. त्यांनी दाखवून दिलं की मुंबई इलाख्यात सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि अबकारीतून, म्हणजे दारूवरच्या करातून, माणशी दोन रुपयांहून जास्त काढून घेतं. (सोळा आण्यांचा एक रुपया, हे तरुण मुलांसाठी सांगतो.) जेवढं लोकांकडून दारूपोटी घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला, एवढीच त्यांची मागणी. शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात, आणि याच चालीने गेलो तर सगळी मुलं शाळेत यायला चाळीस वर्षं लागतील आणि मुलींना तीनशे, हेही त्यांनी सभागृहापुढे ठेवलं. तीनशे वर्षं! इथे बसलेल्या लेकींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

स्वातंत्र्यानंतर डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगाने १९६६ साली अहवाल दिला. आयोगाचे सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. १९६५-६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा २.९ टक्के भाग शिक्षणावर जात होता, तो १९८५-८६ पर्यंत ६ टक्के करा, असं आयोगाने सांगितलं. १९६८ च्या धोरणात ६ टक्के आले. १९८६ च्या धोरणात पुन्हा आले. २०२० च्या धोरणातही आले, आणि केंद्र-राज्य मिळून खर्च ४.४३ टक्क्यांच्या आसपास आहे, अशी कबुली त्याच धोरणात दिली आहे. म्हणजे तीन पिढ्या तोच वायदा ऐकताहेत.

दीड टक्का म्हणजे थोडा वाटतो. पण २०२३-२४ साली देशाचं उत्पन्न सुमारे तीनशे लाख कोटी रुपये होतं. त्याचा एक टक्काच तीन लाख कोटी! हा पैसा सरकारने घातला नाही म्हणून खर्च वाचत नाही. तो फी आणि क्लासच्या रूपाने आपल्याच खिशातून जातो, आणि ज्याचा खिसा रिकामा त्याचं पोर मागे पडतं.

कारखान्यातल्या भावांना आणखी एक माहीत असेल. २००४ पासून आयकरावर शिक्षणाचा उपकर बसला, आधी दोन टक्के, मग तीन, आणि २०१८ पासून आरोग्य धरून चार. हा उपकर केंद्राकडे जातो, राज्यांना त्यात वाटा नाही. शाळांचा मोठा खर्च मात्र राज्यंच उचलतात. तेव्हा नुसतं दिल्लीकडे बोट दाखवून भागणार नाही, मुंबईलाही विचारायला हवं.

आणि मुंबईचा हिशेब काय सांगतो? आज महाराष्ट्रात शिक्षणाचा खर्च दारूच्या उत्पन्नाच्या बराच पुढे गेला आहे, हे कबूल केलं पाहिजे. पण बिहारसारखं गरीब राज्य आपल्या उत्पन्नाचा जेवढा हिस्सा शिक्षणावर घालतं, तेवढा आपलं श्रीमंत राज्य घालत नाही. मला तर याचीच जास्त लाज वाटते.

राज्याचा अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये येतो, आदल्या दिवशी आर्थिक पाहणी येते. त्या दोन दिवसांची वर्तमानपत्रं विहारात आणा. पाहणीतून राज्याचं उत्पन्न घ्यायचं, अर्थसंकल्पातून शिक्षणाचा खर्च घ्यायचा आणि टक्केवारी काढायची. दहावीच्या मुलामुलींना हे गणित येतं, त्यांनी फळ्यावर मांडावं. मग आमदार मत मागायला आले की त्यांना याच फळ्यासमोर बसवू.